हौदातली शिट्टी

मास्तर त्याला तलाव म्हणायचे, गल्लीतले लोक हौद म्हणायचे आणि मास्तरीणबाई गेली चार वर्षं त्याला डबकं म्हणत होत्या. तिघांत खरं बोलणाऱ्या तेवढ्या मास्तरीणबाईच होत्या. मागचं दार उघडलं की समोर ते हिरवंगार पसरलेलं असायचं. हिरवंगार हा शब्द एरवी चांगल्या अर्थाने वापरतात, इथे तसा घेऊ नये. पाण्यावर शेवाळाची जाड साय, सायीवर कुजकी पानं, पानांवर बेडूक. आणि बेडकांच्या तोंडावर, मास्तरीणबाईंच्या मते, घरमालकाचा भाव. वास असा की दोरीवर वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावेत. पलीकडची शेजारीण डासांवरून इतक्यांदा भांडून गेली होती की आता ती कुंपणापाशी आली की मास्तरीणबाई आधीच म्हणायच्या, "हो, माहितीये."

हे डबकं झालं होतं एका शिट्टीपायी. मास्तर शाळेत कवायत आणि पोहणं शिकवायचे. मुलगी चालायच्या आधी पाण्याकडे धाव घेते म्हटल्यावर त्यांनी सुट्ट्यांमध्ये स्वतः खणून, स्वतः सिमेंट कालवून मागच्या अंगणात तो तलाव बांधला. लांबीला बेताचाच, पण फरशा निळ्या आणि एका टोकाला पोहणाऱ्याने उडी मारायचा दगडी ओटा. मुलीला घरात सगळे मासोळी म्हणायचे. रोज सकाळी मासोळी पाण्यात आणि मास्तर काठावर, गळ्यात शिट्टी. त्या शिट्टीतला गोळा कधीतरी तडकला होता, त्यामुळे ती वाजायची घसा बसल्यासारखी. मास्तरांनी ती कधी बदलली नाही. सर्दी झालेल्या माणसासारखी ती शिट्टी वाजली की आख्खी गल्ली घड्याळ लावायची.

मग मासोळी निवडीची मोठी शर्यत हरली. घरी आली, तलावाकाठी टॉवेल घेऊन बसली. मास्तर तिच्यामागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुझ्यात काही नव्हतंच. मी उगाच माझी वर्षं घालवली."

मासोळीने वळून त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढली, दोरी तुटली, आणि शिट्टी भिरकावली ती थेट तलावाच्या मध्यावर. मास्तर आत गेले आणि आपल्या खोलीच्या दाराला कडी घातली. संध्याकाळी मासोळी बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेली. ती गेली ती गेलीच.

आता कुठल्याही शहाण्या घरात दुसऱ्या दिवशी कोणीतरी ती शिट्टी काढली असती. पण या घरात एक नियम होता, आणि दैव असं की तो नियम मास्तरीणबाईंनीच केलेला होता. त्या इस्पितळात नर्स होत्या, वॉर्डाच्या मुख्य. वॉर्डात ज्याने सांडलं त्याने पुसायचं, मग तो डॉक्टर असो की वॉर्डबॉय. तोच कायदा त्यांनी घरी आणला. मासोळीने लहानपणी दूध सांडलं तर फडकं तिच्या हातात, मास्तरांनी चहा सांडला तर फडकं मास्तरांच्या हातात. आणि ह्याच नियमावर बोट ठेवून मास्तरांनी जाहीर केलं, "जिने टाकली तिनेच काढावी. तोवर मी त्या तलावाकडे ढुंकूनही बघणार नाही." त्यांनी गाळणीची मोटर बंद केली, मागचं दार लावलं आणि शब्द पाळला. नको तो शब्द माणसं किती निष्ठेने पाळतात! उन्हाळ्याचे दिवस होते, महिन्याभरात पाणी हिरवं झालं. पुढचं बेडकांनी बघितलं.

मास्तरीणबाईंना स्वतःला पोहता येत नव्हतं. पोहणाऱ्यांच्या घरात त्या एकट्याच दगड. तलावाच्या काठाच्या चार हात अलीकडे कपड्यांची दोरी होती, त्यापुढे त्या कधी गेल्या नाहीत. त्यांना वाटलं होतं, आठवडा जाईल, राग निवेल. पण खाण तशी माती. बापाला वाटे मुलीने यावं, मुलीला वाटे बापाने बोलवावं. चार वर्षं दोघांचं सगळं बोलणं मास्तरीणबाईंच्या कानातून जात होतं. "तिला सांग, बँकेचं पत्र आलंय." "त्यांना सांग, मी पत्ता बदललाय." "तिला सांग, थंडी आहे तिकडे, नीट राहा म्हणावं. मी म्हटलं असं नको सांगू." मास्तरीणबाईंना कधी कधी वाटायचं, आपण बायको नाही, आई नाही, आपण नुसता टेलिफोनचा खांब आहोत.

आणि एके दिवशी मासोळीचा फोन आला. "आई, मला परदेशात नोकरी मिळाली. पोहण्याच्या शाळेत, इथल्यासारखीच लहान मुलांची शिक्षिका. रविवारी येते, माझं सामान घेऊन जाते. सोमवारचं विमान आहे."

"परत कधी येशील?"

"बघू."

हा 'बघू' मास्तरीणबाईंच्या काळजात रुतला. त्यांनी आयुष्यभर हा शब्द ऐकला होता. वॉर्डात नातेवाईक विचारायचे, पेशंट घरी कधी जाईल, आणि डॉक्टर ज्या सुरात म्हणायचे, "बघू", तोच हा सूर. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांना पक्कं कळलं होतं की सोमवारच्या आत ही दोघं एकमेकांशी बोलली नाहीत तर मग पुन्हा बोलायची नाहीत, आणि आपण मरेपर्यंत खांब.

"अहो," त्या मास्तरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या, "रविवारच्या आत ते डबकं उपसायचं."

"तलाव," मास्तर वर्तमानपत्रातून म्हणाले.

"काय असेल ते. उपसायचं, ती मेली शिट्टी काढायची, आणि तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून काय तो निकाल लावायचा."

"जिने टाकली तिनेच काढावी. नियम तुझाच आहे."

"नियम दुधाच्या पेल्याचा होता हो! दूध सांडलं तर चार वर्षं नासू द्यायचं असं नव्हतं म्हटलं मी!"

"नियम म्हणजे नियम."

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभसुद्धा जळला नव्हता, अजून नवाकोरा होता. त्या प्लंबरकडे गेल्या आणि भाड्याने पाणी उपसायची मोटर घेऊन आल्या. प्लंबर म्हणाला, "मी येतो ना उद्या." मास्तरीणबाई प्लंबरांचा 'उद्या' चांगला ओळखून होत्या. त्यांनी मोटर, पाइप आणि वायरचं वेटोळं ढकलगाडीत घातलं आणि स्वतः ढकलत आणलं.

शुक्रवारी सकाळी मास्तरांची जुनी पँट, पायात गमबूट आणि नाकाला वॉर्डातला मास्क अशा अवतारात मास्तरीणबाई आयुष्यात पहिल्यांदा दोरीच्या पलीकडे गेल्या. त्यांनी डोळे अर्धवट मिटून मोटर पाण्यात सोडली आणि बटण दाबलं. मोटर थोडा वेळ घुरघुरली आणि बंद पडली. बाहेर ओढून बघतात तर तोंडात पानांचा बोळा. बोळा काढला, पुन्हा सोडली, पुन्हा बोळा. तिसऱ्यांदा मोटरला त्यांनी अशा काही शिव्या दिल्या की त्या ऐकून वॉर्डातल्या जुन्या पेशंटांनी खाटेवर उठून सलाम केला असता.

मागच्या दारात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. तलावाकडे पाठ करून. शब्द पाळायचा होता ना.

"मोटरच्या तोंडाला जाळी लागते," ते वर्तमानपत्राला म्हणाले.

"मग द्या की."

"मी काही म्हणत नाही. नुसतं सांगितलं."

उंटावरून शेळ्या हाकणारे बघितले होते, पण उंटाचं तोंड उलट दिशेला करून शेळ्या हाकणारा हा पहिलाच. मास्तरीणबाई आत गेल्या, कपाटातून ड्यूटीवर घालायचे पांढरे लांब मोजे काढले, एक मोजा मोटरच्या तोंडावर चढवला आणि दोरीने आवळला. मोटर चालू झाली ती मग थांबली नाही. हिरवं पाणी भकाभका गटारात जायला लागलं. गल्लीभर असा वास सुटला की शेजारीण कुंपणापाशी आली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो, माहितीये." शेजारीण म्हणाली, "नाही नाही, मी म्हणायला आले होते, देव तुमचं भलं करो." आणि खिडक्या लावून घ्यायला पळाली.

शनिवारी दुपारपर्यंत पाणी घोट्याएवढं राहिलं. खाली काळा गाळ. मास्तरीणबाई बेडूक बादलीत भरून ओढ्यावर सोडून आल्या, त्यातले निम्मे त्यांच्या आधी परत येतील अशी त्यांना खात्री होती. मग त्या शिडीने तलावात उतरल्या. जन्मात पहिल्यांदा. पोहता येत नाही तर नाही, गाळात उभं राहता येतं. त्यांनी ब्लीचिंग पावडर टाकली, तारेचा ब्रश घेतला आणि भिंत घासायला लागल्या.

"खालून वर नाही, वरून खाली!" मागून ओरडा झाला.

मास्तर काठावर उभे होते. वर्तमानपत्र हातात चुरगळलेलं, आणि तोंड, तलावाकडे.

"ढुंकूनही बघणार नव्हता ना?"

"फरशा खरवडल्या जातायत! हाताने एकेक बसवल्यायत मी त्या!" मास्तरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उतरले. "मी फक्त भिंती साफ करतोय. शिट्टीशी माझा संबंध नाही."

"नसू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि ब्रश त्यांच्या हातात दिला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. आता त्यांनी नाक दाबायला सुरुवात केली होती.

पण मास्तरीणबाई आतून पाणी पिऊन आल्या तेव्हा भिंत होती तशीच होती. मास्तर तलावाच्या मध्यावर ओणवे होऊन गाळ चाळत होते. आणि चाळत होते कशाने, तर मास्तरीणबाईंच्या पिठाच्या चाळणीने.

"अहो! माझी चाळणी!"

मास्तर चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "ती इथेच पडली होती. मध्यावर. मी बघितलं होतं ना पडताना."

"आणि शिट्टीशी संबंध नाही तुमचा?"

"नाहीच आहे," मास्तर म्हणाले आणि पुन्हा ओणवे झाले.

अंधार पडेपर्यंत ते चाळत राहिले. केसांच्या पिना निघाल्या, एक नाणं निघालं, मासोळीचा पोहायचा फुटका चष्मा निघाला, तो त्यांनी शर्टाला पुसून खिशात घातला. शिट्टी निघाली नाही. रविवारी उजाडताच ते पुन्हा तलावात. मास्तरीणबाईही फावडं घेऊन उतरल्या. एकेक घमेलं गाळ चाळणीतून जायचा आणि काठावर पडायचा. दुपार झाली. तळाच्या निळ्या फरशा दिसायला लागल्या, जुन्याच पण अजून निळ्या. शेवटचा कोपरा उरला. तोही चाळला.

"गटारात गेली असेल मोटरमधून," मास्तर म्हणाले.

"मोजा घातला होता तोंडाला. माशी जाणार नाही त्यातून."

"मग बेडकाने गिळली असेल."

"बेडकाने शिट्टी गिळली असती तर चार वर्षं तो वाजला असता!" मास्तरीणबाई ओरडल्या. त्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला होता, नखांत काळं गेलं होतं आणि आता टॅक्सी कधीही येईल. "असल्या एका शिट्टीपायी माझी पोर चालली! दोघं मेले हट्टी, आणि मी मधल्यामध्ये गाळात!"

 मास्तर चाळणी हातात धरून उडी मारायच्या दगडी ओट्याच्या पायथ्याशी टेकले. "ती येईल," ते हळू आवाजात म्हणाले, "तलाव रिकामा बघेल, आणि म्हणेल, बापाने फेकून दिली. मी काय सांगू तिला? मला वाटत होतं ती इथेच आहे. रोज वाटत होतं."

मास्तरीणबाईंचा राग क्षणभर कुठल्या कुठे गेला. हा माणूस चार वर्षं नियम पाळत नव्हता, राखण करत होता. त्या काहीतरी म्हणणार एवढ्यात शिट्टी वाजली.

घसा बसल्यासारखी, सर्दी झालेल्या माणसासारखी, तीच.

दोघांनी वर बघितलं. काठावर मासोळी उभी होती. पाठीला सॅक, ओठांत शिट्टी, गळ्यात नवी दोरी. तिने शिट्टी तोंडातून काढली. "आई, पुढचं दार सताड उघडं आहे. आणि तुम्ही दोघं हे काय करताय?"

"ती... ती कुठे मिळाली?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पाण्यात." मासोळी आईकडेच बघत होती. "त्याच संध्याकाळी. बॅग भरली, मग मागे आले, उडी मारली, काढली आणि गेले. माझं सांडलेलं मी पुसलं होतं. नियम आहे ना घरात? मुलांना शिकवताना हीच वापरते. दुसरी चालत नाही मला."

मास्तरीणबाई गाळाने भरलेला हात कपाळाला लावायला गेल्या आणि लावलाच. "अहो! पाणी तेव्हा आरशासारखं होतं! दुसऱ्या दिवशी एकदा, नुसतं एकदा वाकून बघितलं असतंत तर तळ रिकामा दिसला असता!"

"ढुंकून बघायचं नव्हतं मला," मास्तर पुटपुटले.

"आणि तू गं? फोनवर एवढं बोललो आपण चार वर्षं, एकदा सांगायचंस!"

"कशाला सांगू?" मासोळीचा आवाज चिरकला. "मी वाट बघत होते. माझं मी पुसलं. त्यांनी त्या दिवशी जे सांडलं ते कोण पुसणार? त्यांना विचार ना, आई, ते कोणी पुसायचं!"

मोटरच्या पाइपातून पाणी ठिबकत होतं. मास्तरांनी चाळणी खाली ठेवली. घसा खाकरला. आणि सवयीप्रमाणे बायकोकडे तोंड वळवून म्हणाले, "तिला सांग..."

"नाही सांगणार," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अगं, फक्त एवढं..."

"एक अक्षर सांगणार नाही. माझ्या हातात फावडं आहे, तुमच्या तोंडात जीभ आहे. ती तिथे उभी आहे. बहिरी नाही. टॅक्सी बाहेर उभी आहे आणि उद्या विमान आहे. मी खांब नाही!" आणि त्या सरळ पाठ करून उभ्या राहिल्या, भिंतीकडे तोंड करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारख्या. आता हा माणूस बोलला नाही तर संपलं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मागे गाळात पाय ओढल्याचा आवाज आला. मग मास्तरांचा आवाज, तलावाच्या भिंतींवरून दुप्पट होऊन आलेला.

"मासोळे."

वर सॅक जमिनीवर टेकल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी म्हटलं, तुझ्यात काही नव्हतं. ते खोटं होतं. होतं तुझ्यात. हरणं सोसायची ताकद माझ्यात नव्हती. तू हरून शांत बसली होतीस, आणि मला ते बघवलं नाही." ते थांबले. श्वास घेतला. "माझं सांडलंय ते. मीच पुसायला पाहिजे होतं. त्याच दिवशी."

मास्तरीणबाई भिंतीकडेच बघत राहिल्या. फरशीवरची निळी नक्षी डोळ्यांसमोर धूसर झाली. पुसायला हात स्वच्छ नव्हता, म्हणून त्यांनी ती तशीच धूसर राहू दिली.

शिडीची पायरी करकरली. मग दुसरी. मासोळी बूट काढून अनवाणी खाली आली होती. बापापासून दोन हातांवर उभी राहिली, आणखी जवळ आली नाही. पण तिने भिंतीशी पडलेला ब्रश उचलला.

"पुसा मग," ती म्हणाली. डोळे भरलेले, आवाज मात्र मास्तरांचाच, काठावरून ओरडणारा. "नुसतं बोलून पुसलं जात नाही. तो ओटा बघा, किती शेवाळ आहे. चार वर्षं काय केलंत काय?"

"ओटा शेवटी करायचा," मास्तर म्हणाले. "आधी भिंती. वरून खाली."

"आधी ओटा. मी रोज मुलांचा तलाव घासून घेते, मला माहितीये."

"हा तलाव मी बांधलाय!"

"म्हणून तर ही दशा!"

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. मासोळी ब्रश न थांबवता म्हणाली, "आई, त्याला सांग, जा म्हणावं. उद्या सकाळी ये. विमान संध्याकाळचं आहे."

मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शिडीकडे निघाल्या. हा एक निरोप त्या आनंदाने पोचवणार होत्या. मागे दोघं ओट्यावरून भांडत होती, एकमेकांशी, सरळ, मध्ये कोणालाही न घेता. वर चढून त्यांनी एकदा वळून बघितलं. आपली पिठाची चाळणी गाळात पालथी पडलेली त्यांना दिसली. ज्याने ती तिथे टाकली तोच ती उचलेल म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.